दीड हजार शब्द पाठ आहेत, तरी गेस्टसमोर तोंड उघडत नाही

प्रश्न थोडक्यात: मालवण तालुक्यातली २६ वर्षांची वाचक. शाळा जिल्हा परिषदेची, मग बी.कॉम., आता किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये बुकिंग आणि फ्रंट डेस्क सांभाळते. बाबा मासेमारीत. पाडव्यापासून रोज दहा कठीण इंग्लिश शब्द पाठ करतेय, दीड हजार झाले, तीन वह्या भरल्या, शिवाय मोबाइलवर इडियम्सचं ॲप. तरी मुंबईचे किंवा परदेशी गेस्ट भराभर बोलायला लागले की ती गप्प होते. जुलैत एका परदेशी बाईंना "इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्स" म्हणाली तर त्या नुसत्या हसल्या. नंतर तिने एका गेस्टला पाठवलेली मेल ऑफिसमधल्या कुणीतरी ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, डिक्शनरी गिळलीस काय. आता मुंबईत ६० दिवसांचा 'ॲडव्हान्स व्होकॅब्युलरी'चा क्लास आहे, फी ३५ हजार, डोंबिवलीला मावशीकडे राहून करायचा, म्हणजे नोकरी सोडावी लागणार. आई नको म्हणते, भाऊ म्हणतो मराठी मीडियमवाल्यांना कितीही केलं तरी जमत नाही. ती विचारते: क्लास लावू का, आणि किती शब्द आले म्हणजे इंग्लिश ॲडव्हान्स झालं?

अगं, आधी त्या मेलचं बोलू, कारण पत्रात तू क्लासवर चार ओळी लिहिल्यास आणि मेलवर दीड पान. ग्रुपवर टाकणारा चुकला. बरोबर काम करणाऱ्या माणसाला काही सांगायचं तर बाजूला घेऊन सांगतात. तू दिवसभर काउंटरवर उभी राहून रात्री वही घेऊन बसतेस, त्याला हसायचा हक्क कुणालाच नाही, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, तीस वर्षं कोकणातल्या मुलांना इंग्लिश शिकवलंय, वर्गात एकदा कुणी फिदीफिदी हसलं की ते मूल पुढे वर्षभर हात वर करत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझं गप्प होणं निम्मं तरी तिथून आलेलं आहे.

आता मेल. तू लिहिलंस, "वी हॅव अ प्लेथोरा ऑफ डिलेक्टेबल कलिनरी ऑप्शन्स अँड आवर अबोड इज कंटिग्युअस टू द सी." एक स्पेलिंग चुकलेलं नाही, व्याकरण चोख. पण हे वाचून गेस्टला कळलं का की तुमच्याकडे ताजी सुरमई मिळते? समुद्र चालत किती लांब आहे ते? 'प्लेथोरा' म्हणजे नुसतं भरपूर नाही गं, पाहिजे त्यापेक्षा जास्त झालं असा त्याचा सूर असतो, मुळात तो वैद्यकातला शब्द, अंगात रक्त फाजील झालं की वापरायचे. 'कंटिग्युअस' हा हद्दीला हद्द लागून असलेल्या जमिनींना, राज्यांना शोभतो. तुझ्या वहीत 'प्लेथोरा = भरपूर' एवढंच लिहिलेलं असणार, आणि तो शब्द कुठे बसतो, कुणाच्या तोंडी असतो, कुठे चालत नाही, हे सगळं वहीबाहेर राहिलं. त्याच मेलमध्ये "वी कुक फ्रेश फिश एव्हरी डे, अँड द बीच इज टू मिनिट्स अवे" लिहिलं असतंस तर वाचणाऱ्याला भूक लागली असती. ह्यातला एकही शब्द तुला नवीन नाही, आठवीपासून येतायत.

तू धरून चाललीयस की ॲडव्हान्स म्हणजे कठीण शब्द. मला वाटतं अडचण तिथेच आहे.

आपल्याकडचं बघ ना. 'लागणे' हा शब्द घे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दार लागतं, आंबा गोड लागतो, घाटात गाडी लागते, पोहोचायला दोन तास लागतात, तो माझा मामा लागतो, पाऊस लागलाय, आणि मन लागत नाही. आता एखादा परदेशी माणूस मराठी शिकायला मालवणात आला आणि त्याने 'क्षुधा', 'अविरत', 'संलग्न' असे शब्द पाठ केले पण 'लागणे' त्याला एकाच अर्थाने माहीत, तर तो बाजारात दहा मिनिटं तरी टिकेल का? इंग्लिशमध्ये हे काम 'गेट', 'टेक', 'पुट', 'रन', 'टर्न' असले बारके शब्द करतात. तुझ्या डेस्कवरचंच घे, रिसॉर्ट चालवणं म्हणजे रन, नळ वाहतोय तर टॅप इज रनिंग, सोलकढी संपली तर वी हॅव रन आऊट, बोट उशिरा येतेय तर रनिंग लेट, रस्त्यात कुणी भेटलं तर रॅन इन्टू. शब्द एकच, आणि त्याच्यापुढे येणारं आऊट, इन्टू, ओव्हर, अप हे सगळा अर्थ फिरवून टाकतात. गेस्ट भराभर बोलतात तेव्हा तू नेमकी ह्यांच्यावरच अडकतेस, 'डिलेक्टेबल'वर नाही. तूच लिहिलंयस की एकाने "कॅन यू पुट अस अप फॉर वन मोअर नाइट?" विचारलं आणि तुला वाटलं त्याला वरच्या मजल्यावर खोली पाहिजे. तो एक रात्र अजून राहू का विचारत होता.

दुसरी गोष्ट, शब्द एकटा राहत नाही, त्याचे शेजारी ठरलेले असतात. हिरवंगार, लालभडक, पिवळंधमक, पांढरंशुभ्र, काळंकुट्ट. ही यादी तुला कुणी पाठ करायला लावली होती का? तरी कुणी 'पिवळंकुट्ट' म्हटलं तर तुझ्या कानाला लगेच खटकेल. इंग्लिशमध्ये पाऊस हेवी असतो पण वारा स्ट्राँग असतो, चहा स्ट्राँग असतो पण ट्रॅफिक हेवी. नियम विचारशील तर मीही सांगू शकणार नाही, ते तसंच म्हणतात. म्हणून शब्द एकटा लिहून ठेवायचाच नाही, शेजाऱ्यासकट उचलायचा.

हे मला पुस्तकातून कमी आणि सासूबाईंकडून जास्त कळलं. मी घाटावरची, लग्न होऊन मालवणात आले. दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातून आवाज आला, "गो, वायच पाणी हाड." आमच्याकडे 'हाड' म्हणून कुत्र्याला हाकलतात. मी जागच्या जागी उभी, डोळ्यात पाणी. सासूबाई बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, कळशीकडे बोट दाखवून परत सावकाश म्हणाल्या, "हाड, म्हणजे आण गो." आज इतकी वर्षं झाली, हाड, वायच म्हणजे थोडं, खंय म्हणजे कुठे, हे शब्द मी कधी वहीत लिहिले नाहीत आणि विसरलेही नाहीत, कारण प्रत्येकाला एक कळशी, एक दुपार, एक आवाज चिकटलेला आहे. कोकणाने पोर्तुगीजांकडून शब्द घेतले तेही असेच, काजू आला तेव्हा त्याच्याबरोबर 'काजू' आला, तसाच 'बटाटा', 'चावी', आणि हातात पैसे पडले तेव्हा 'पगार'. वस्तूबरोबर शब्द. तुझ्या वहीतल्या दीड हजारांना काय चिकटलेलं आहे? फक्त बरोबरचं चिन्ह.

किती शब्द लागतात विचारलंयस. पॉल नेशन म्हणून न्यूझीलंडचे अभ्यासक आहेत, त्यांनी २००६ साली हिशोब मांडला होता, बोललेलं इंग्लिश ९८ टक्के समजायला साधारण ६ ते ७ हजार शब्दकुटुंबं आणि पेपर-कादंबऱ्यांसारखं छापील वाचायला ८ ते ९ हजार. शब्दकुटुंब म्हणजे हेल्प, हेल्पफुल, हेल्पलेस हे सगळे मिळून एक. आकडा बघून घाबरू नकोस, कारण ह्यातली पहिली दोन-तीन हजारच बहुतेक सगळा भार उचलतात आणि बी.कॉम. झालेल्या मुलीला ती ओळखीची असतातच. लाँगमनची शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी १९७८ मध्ये निघाली, तिच्यात प्रत्येक शब्दाचा अर्थ साधारण २ हजार सोप्या शब्दांतच समजावलेला आहे. विचार कर, २ हजार शब्द नीट हाताशी असतील तर अख्खी डिक्शनरी समजावून सांगता येते! मग गेस्टने तिरफळ म्हणजे काय विचारलं, तर ते त्यात का नाही बसणार? "इट्स अ स्पाइस. वी पुट इट इन फिश करी. इट मेक्स युअर टंग टिंगल अ लिटल." फार विचारलंच तर सांग की सिचुआन पेपरचं हे नातेवाईक आहे, ते त्यांनी खाल्लेलं असतं.

पुढचे चार-पाच हजार पाठांतराने येत नाहीत, किंवा येतात आणि जातात. ते वाचताना-ऐकताना परत परत भेटून येतात, त्याला वर्षं लागतात, आणि लागू देत. पण तुझ्या कामाचे जे आहेत ते मात्र आत्ताच घे. भरती-ओहोटी, उधाण, पाण्याखाली किती दिसतंय, आत ओढणारा करंट, बांगडा, पापलेट, तिसऱ्या, कुर्ल्या, सिंधुदुर्ग किल्ला १६६४ मध्ये बांधायला घेतला, त्याचे तट, बुरूज, पाया ह्यांना काय म्हणतात. 'लो टाइड', 'रफ सी', 'व्हिजिबिलिटी', 'मॅकरेल', 'क्लॅम्स', 'रॅम्पार्ट', 'बॅस्टियन'. माझ्या मते तुझं ॲडव्हान्स इंग्लिश हे आहे. मुंबईच्या क्लासच्या यादीत ह्यातला एकतरी शब्द असेल का?

ऐकण्याबद्दल थोडं. तुझे शब्द डोळ्यांनी शिकलेले आहेत, कानाने नाही, म्हणून छापील दिसला की ओळखतेस आणि बोलण्यात निसटतो. "डिड यू ईट?" हे घाईत बोलताना "जीट?" एवढंच उरतं. ह्याला इलाज ऐकणं हाच. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' नावाचा कार्यक्रम फुकट आहे, सहा मिनिटांचाच. एकदा नुसता ऐक, मग समोर लिहिलेलं धरून ऐक, मग परत न बघता, आणि एखाद-दोन वाक्यं त्यांच्या चालीत मोठ्याने म्हण. रिसॉर्टला जाताना सहज होतं. आणि गेस्टचं नाही कळलं तर गप्प राहू नकोस, "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?" किंवा "लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू" ही दोन वाक्यं तोंडात अशी बसव की विचार न करता निघाली पाहिजेत, गेस्टला त्यात काही कमीपणा वाटत नाही, उलट बरं वाटतं की मुलगी नीट ऐकतेय.

आता इडियम्स. 'कॅट्स अँड डॉग्स' चुकीचं नाही, सगळ्यांना कळतं, पण जुनं झालंय, आजकाल ते लोक "इट्स पोअरिंग" म्हणून मोकळे होतात. त्या बाई तुला हसल्या असं मला नाही वाटत, आपल्याकडे एखाद्या गोऱ्या मुलाने रस्त्यात "आलिया भोगासी असावे सादर" म्हटलं तर आपणही हसूच की, कौतुकाने. पण त्याने बांगड्यांच्या भावापासून रिक्षापर्यंत प्रत्येक वाक्यात एक म्हण घातली तर? कान थकतात. म्हणून ओळखायच्या शंभर आणि वापरायच्या दहाच, आणि त्या दहासुद्धा समोरच्यांच्या तोंडून दोन-तीनदा ऐकल्यावरच.

आणि तुझ्या ॲपमध्ये त्या 'ए'पासून 'झेड'पर्यंत रांगेने येतात ना? तशा नको शिकू. तू दर्यावर्दी घरातली आहेस गं, इंग्रजही समुद्राचेच लोक, त्यांच्या किती म्हणी होडीतून उतरलेल्या आहेत बघ. ओहोटीला वाळूत बसलेली होडी तू लहानपणापासून बघतेस, पाणी निघून गेलं आणि ती तिथेच राहिली, त्याला ते "लेफ्ट हाय अँड ड्राय" म्हणतात, कुणी अडचणीत एकटं सोडून गेलं की वापरायचं. नांगरलेली बोट वाऱ्या-पाण्याने फिरते म्हणून होडी हाकणारा तांडेल तिच्यापासून चार हात लांबून जातो, ते "गिव्ह इट अ वाइड बर्थ". कामाला लागलेला नवा खलाशी आधी कुठला दोर कशाचा ते शिकतो, म्हणून कुठल्याही नव्या कामात रुळणं म्हणजे "लर्निंग द रोप्स". "बाय अँड लार्ज" हे तर तू ऑफिसच्या मेलमध्ये शंभरदा वाचलं असशील, तेही शिडाच्या जहाजांवरचं, समोरून तिरका वारा घेत जाणं म्हणजे बाय, मागून वारा असणं म्हणजे लार्ज, दोन्हीत जे चालतं ते बाय अँड लार्ज, म्हणजे एकंदरीत. आपण "बुडत्याला काडीचा आधार" म्हणतो, त्यांचंही "क्लचिंग ॲट स्ट्रॉज" आहे, चित्र तेच. संध्याकाळी बाबा जाळं दुरुस्त करत बसतात तेव्हा त्यांना विचार, ओहोटीत होडी अडकली की काय करता, नांगराची बोट किती लांबून टाळता. ते मालवणीत सांगतील, तू शेजारी इंग्लिश लिही. असा आलेला इडियम जात नाही.

भावाचं म्हणणं मात्र मी सोडून देणार नाही. बाळशास्त्री जांभेकर आपल्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, १८१२ चा जन्म. इंग्लिश मीडियम कुठलं आलंय! त्यांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढलं त्यात मराठी आणि इंग्लिश शेजारी-शेजारी छापायचे, वयाच्या विशीत. आणि उलट बाजूने बघ, मोल्सवर्थ हा इंग्रज माणूस इथल्या पंडितांना हाताशी धरून मराठी शब्द गोळा करत बसला आणि १८३१ मध्ये त्याची मराठी-इंग्लिश डिक्शनरी निघाली, अजून लोक वापरतात. त्यालाही आपली भाषा परकीच होती. इंग्लिश मीडियमच्या मुलांना एक फायदा नक्की असतो, त्यांच्या चुका लहानपणीच करून झालेल्या असतात, तुला त्या २६व्या वर्षी लोकांसमोर कराव्या लागतायत. ते जड आहे, मी नाही म्हणत नाही. पण म्हणून जमत नाही असं कुठेय?

तर क्लास. आईचं बरोबर आहे, पण आईला वाटणाऱ्या काळजीमुळे नाही. कॅलेंडर बघ. गणपती झाले, आता दिवाळीपासून सीझन, रोज बारा-पंधरा अनोळखी माणसं तुझ्या काउंटरवर येऊन तुझ्याशी बोलणार, त्यातली निम्मी इंग्लिशमध्ये. आणि तू नेमके हेच दोन महिने सोडून एका खोलीत शब्दांची यादी घोकायला ३५ हजार भरणार? तिथे तुझ्याशी बोलणारं कोण असेल, तुझ्यासारखीच गप्प बसलेली तीस मुलं. म्हणून आत्ता नको. क्लास सगळेच वाईट असं मात्र मी म्हणत नाही. ज्यांना घरी-दारी इंग्लिश बोलायला माणूसच नाही, किंवा परीक्षा द्यायची आहे, त्यांना चांगल्या मास्तरचा उपयोग होतो. पैसे भरायच्या आधी विचारायचं, एका बॅचला किती जण, तासाभरात प्रत्येकाला किती मिनिटं बोलायला मिळतं, आणि लिहिलेलं तपासून परत देता का. "साठ दिवसांत तीन हजार शब्द" असं उत्तर आलं तर तिथून उठायचं.

वह्या फेकू नकोस, पाडव्यापासूनची मेहनत आहे. रोज दहा नवीन बंद कर. त्याऐवजी ड्युटीवर कानावर पडलेली तीन वाक्यं, फक्त तीन, अख्खी लिही, कोण म्हणालं, कशावरून म्हणालं, खाली पाहिजे तर मराठीत अर्थ. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन ह्यांच्या शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्या मोबाइलवर फुकट बघता येतात, त्यात शब्दापुढे 'फॉर्मल', 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड' लिहिलेलं असतं, अर्थाआधी ते वाचायचं. ऑक्सफर्डची ती डिक्शनरी हॉर्नबी नावाच्या मास्तरांनी जपानमध्ये शिकवताना केली, १९४२ मध्ये ती पहिल्यांदा टोकियोत छापली गेली, म्हणजे ती आपल्यासारख्या बाहेरून शिकणाऱ्यांसाठीच जन्मलेली आहे, लाजायचं काही कारण नाही. आणि लिहिलेलं परत बघायचं दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच भराभर गळतं, आणि मध्ये अंतर ठेवून उजळणी केली की कमी कष्टात टिकतं. एका रात्रीत दहा घोकून काही होत नाही ते म्हणूनच. जुन्या वह्यांतला एखादा शब्द ड्युटीवर खरंच भेटला तर त्याच्यावर खूण कर, वर्षभरात दोनदा भेटला नाही तर सोडून दे.

ह्या आठवड्यात एवढं कर. ती मेल परत लिही, एकही शब्द तुझ्या तीन वह्यांतला न घेता, आणि त्यात जेवणाच्या तीन पदार्थांची नावं आणि समुद्राचं अंतर आलंच पाहिजे. मग मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसते. आणि क्लासवाल्यांनी फुकट डेमोला बसू दिलं तर एकदा जाऊन ये, मावशीलाही भेटणं होईल, फक्त घड्याळ लावून बस आणि त्या तासात तू स्वतः किती मिनिटं बोललीस ते मला कळव.